खर्ड्याचा किल्ला व त्याचे सेवेकरी : एक परीक्षण

महाराष्ट्रांतील किल्ल्यांची सेवा गांवोगांवच्या तरुण मंडळींनीं अलीकडे आपल्या अंगावर घेतली आहे. सुटीच्या दिवशीं पदरचें खर्चून झुडुपें तोडणें, टाक्यांतील गाळ उपसणें, सणास तटावर दिवे लावणें, हें काम निःसंशय स्तुत्य होय. परंतु स्तुति म्हणजे परीक्षण नव्हे. म्हणून जामखेड तालुक्यांतील खर्ड्याचें उदाहरण घेऊन या सेवेचे गुणदोष पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

खर्डें म्हटलें कीं ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. पेशव्यांच्या फौजेचें आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. शिंदे, होळकर व नागपूरकर भोसले एकत्र आले. आणि मोड झालेला निजामअल्ली खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयास गेला. येथपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. पण तो किल्ला कोणाचा? तो बांधला निजामाच्या पदरच्या निंबाळकर सरदारांनीं. म्हणजे पराभूत पक्षास ज्या तटानें आसरा दिला, तो तट मराठ्यानेंच उभारलेला होता.

२०२१ च्या दसऱ्यास येथें ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज उभारण्यांत आला. लढाईचें स्मारक म्हणून तो शोभतो. परंतु तो पाहून परतणाऱ्या मुलानें किल्लाही पेशव्यांचाच होता असें समजून घेतलें, तर दोष मुलाचा नव्हे. त्या काळच्या निष्ठा जातिधर्माच्या सरळ रेषेनें विभागलेल्या नव्हत्या, हें खर्डें जितक्या स्पष्टपणें सांगतें तितकें थोडींच स्थळें सांगतील. उत्सवांत नेमकें तेंच हरवतें.

दुसरा मुद्दा दगडाचा. हा खर्ड्यासच नव्हे, सर्वत्र लागू आहे. झाड उपटतांना मुळाबरोबर चिरा निखळतो. चुन्याच्या जुन्या जोडांत सिमेंट भरलें कीं ओल आंत कोंडते व दगड झिजतो. हात लावण्यापूर्वीं चित्र, माप व टिपण घेणें हा सेवेचा पहिला नियम असावा.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. खर्ड्याच्या मोहिमेची बारीक हकीकत आपणांस तटानें सांगितलेली नाहीं, कागदांनीं सांगितली. मिरजेस शाळेंत संस्कृत शिकवीत असतां वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तर उजेडांत आणलें; राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला. हीही लोकसेवाच होती. झारेकरी सोनाराच्या दुकानांतील केर टाकून देत नाहीं, धुतो. कारण त्यांत सोन्याचा कण आहे हें त्यास ठाऊक असतें. जुन्या वाड्याच्या माळ्यावरील रुमाल रद्दींत जातात, ते ही जाण नसल्यामुळें.

येथें दोष एकट्या तरुणांचा नाहीं. आम्हां संग्राहकांचाही आहे. गांवचा कागद आम्हीं उचलून नेतों. तो कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला, याची नोंद ठेवीत नाहीं. मग त्या कागदाची अर्धी साक्ष तेथेंच बुडते.

यास्तव आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळींतील निदान दोघांनीं मोडी शिकावी. कागदाचें छायाचित्र घ्यावें, घर व धनी यांची नोंद करावी, आणि मूळ कागद धन्यास परत द्यावा. तट स्वच्छ राहील तो राहीलच. परंतु तो कोणाचा होता व त्याच्या आश्रयास कोण आलें, हें सांगणारें तोंडही मग गांवांतच राहील.