'पापी' कोणी कोणास म्हणावे?

ख्रिस्ती श्रद्धावंताने, आपण उद्धरलो अशी त्याची श्रद्धा असतानाही, स्वतःला 'पापी' म्हणवून घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ धर्मशास्त्राचा आहे. परंतु तो जितका सिद्धांताचा तितकाच शब्दाचा आहे. 'पापी' हे नाम कोण उच्चारतो, कोणास उद्देशून उच्चारतो आणि कोणत्या भाषेत उच्चारतो, यावर त्याचा अर्थ पालटतो. धर्मग्रंथाचा अनुवाद करणाऱ्यास आणि भक्तिकाव्याचे परीक्षण करणाऱ्यास हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

वाद जुना आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर 1515-16 मध्ये दिलेल्या व्याख्यानांत मार्टिन ल्यूथरने असे प्रतिपादिले की, श्रद्धावंत मनुष्य एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1546 मध्ये याहून वेगळी भूमिका घेतली. तिच्या मते बाप्तिस्म्याने खऱ्या अर्थाने जे पाप ते सर्व नाहीसे होते. मागे उरते ती वासना, आणि वासना हे स्वतः पाप नव्हे. या दोन भूमिकांचा समेट किती दुर्घट होता हे 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे स्वाक्षरी झालेल्या कॅथलिक-ल्यूथरन संयुक्त घोषणेवरून दिसते. तिच्या मसुद्यावर 1998 मध्ये रोमने जो मुख्य आक्षेप घेतला तो नेमका या सूत्राविषयीच होता आणि त्याच्या खुलाशासाठी घोषणेस परिशिष्ट जोडावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट उपदेशसाहित्यात आणखी एक मत पुढे आले. श्रद्धावंत हा पापी नव्हेच. तो क्वचित् पाप करणारा पवित्र जन आहे, आणि जो स्वतःस पापी म्हणत राहील तो पापीच राहील, असे ते मत. भारतीय वाचकास या युक्तिवादात एक ओळखीचा ध्वनी ऐकू येईल. मनुष्यास पापी म्हणणे हेच पाप होय, अशा आशयाचे उद्गार विवेकानंदांनी 1893 च्या सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत काढले होते.

या वादात दोन्ही पक्ष नव्या कराराचा आधार घेतात, आणि दोघांसही तो मिळतो. योहानाच्या पहिल्या पत्रात एके ठिकाणी, आपणांत पाप नाही असे म्हणणारा स्वतःस फसवितो असे म्हटले आहे. पुढे त्याच पत्रात, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही असेही म्हटले आहे. वचनांच्या मोजदादीने हा प्रश्न सुटणार नाही. वचनांचे व्याकरण मात्र काही सांगते.

पौल आपल्या पत्रांच्या आरंभी मंडळ्यांना 'हागिओइ' म्हणून संबोधितो. मराठी बायबलात यासाठी 'पवित्र जन' असा शब्द योजिला आहे. श्रद्धावंतांविषयी हा शब्द जवळजवळ सर्वत्र अनेकवचनी येतो, आणि तो दुसऱ्याने दिलेला असतो. करिंथच्या ज्या मंडळीस पौल हे नाव देतो, तिच्यात तट पडलेले होते, परस्परांवर फिर्यादी चालल्या होत्या, प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी तर दुसरा मद्याने धुंद असे. 'पवित्र' हे त्यांच्या वर्तनाचे प्रशस्तिपत्रक नव्हते. देवाने आपल्यासाठी वेगळे काढलेले लोक एवढाच त्याचा मूळ अर्थ. उलट, 'पापी' हा शब्द श्रद्धावंतांच्या समूहास लावताना पौल भूतकाळ वापरतो. रोमकरांच्या पत्रात, आपण पापी होतो त्या वेळी ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असा आशय आहे. स्वतःविषयी बोलताना मात्र काळ बदलतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौल स्वतःस पाप्यांतील पहिला म्हणतो, आणि तेथील क्रियापद वर्तमानकाळी आहे. हे पत्र पौलाच्या हातचे नसावे असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. पण मग पौलाच्या तोंडी हेच शोभेल असे त्याच्या परंपरेस वाटले, हेही तितकेच बोलके आहे. इफिसकरांच्या पत्राविषयीही असाच संशय आहे. तेथे तो स्वतःस पवित्र जनांतील कनिष्ठाहून कनिष्ठ म्हणतो आणि त्यासाठी तमभाववाचक विशेषणालाच तरभावाचा प्रत्यय लावतो. नम्रतेच्या भरात व्याकरण मोडते. परंतु 'पवित्र जनांतील' ही मर्यादा सुटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार मंदिरात दूर उभा राहून दयेची याचना करतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये 'पापी' या शब्दास निश्चयवाचक उपपद आहे. जणू जगात पापी एकच, आणि तो मी. मराठीत असे उपपद नाही, त्यामुळे ही छटा अनुवादकाच्या हातून सहज निसटते.

ही वाणी आपणांस परकी नाही. सूरदासाची विनयपदे ज्यांनी वाचली आहेत त्यांना पतितांमध्ये अग्रस्थान मागणारा हा भक्त परिचित आहे. तुकोबांच्या अभंगांतही स्वतःच्या पातित्याचा उच्चार साक्षात्काराच्या आनंदाबरोबर नांदतो. येथे भक्त आपले मूल्यमापन करीत नसतो. तो याचना करीत असतो. 'मी पतित आहे' या वाक्याचे उत्तरार्ध 'तू पतितपावन आहेस' हे असते, आणि पहिले वाक्य दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.

यावरून मला असे वाटते की, 'पापी' हे प्रथमपुरुषी नाम आहे आणि 'पवित्र' हे द्वितीयपुरुषी. पहिले मनुष्याने देवापुढे स्वतःविषयी उच्चारावयाचे. दुसरे त्याने दुसऱ्याकडून ऐकावयाचे. पुरुषांची अदलाबदल झाली की दोन्ही शब्द नासतात. 'मी पवित्र' या वाक्यातून दंभ जन्मतो आणि 'तू पापी' या वाक्यातून जुलूम. आपण स्वतःस पापी म्हणावे की पवित्र, असा पर्याय मांडणाऱ्यांनी दोन्ही नामे एकाच मुखात घातली, हीच त्यांची चूक होय.

ही अदलाबदल मराठीत विशेष घातक ठरते, कारण आपल्या भाषेत हे दोन्ही शब्द कोरे नाहीत. 'पापी' म्हणताच कर्मविपाक आठवतो, पूर्वजन्मीचे संचित आठवते. 'पवित्र' म्हणताच सोवळे आठवते. चोखोबांच्या नावावरील अभंगांतही हीन कुळातील जन्म हा पूर्वदोषाचा परिणाम मानलेला आढळतो. म्हणजे समाजाने केलेला आरोप संताच्या वाणीतही स्वतःचा कबुलीजबाब होऊन बसला.

आता नारायण वामन टिळकांचा विचार करू. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला तुकोबांच्या अभंगाची लय दिली. त्यांच्या पदांतील दैन्यभाव खरा आहे आणि त्यास मोल आहे, कारण तो उच्चासनावरून खाली उतरणाऱ्याचा आहे. परंतु तीच पदे अहमदनगर परिसरातील ज्या मंडळ्यांनी गाइली, त्यांतील बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. एकाच शब्दाने टिळक जेथे उतरत होते, तेथेच या गायकांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उभे केले होते. चाल एक, शब्द एक. वजन मात्र एक नव्हे. टिळकांच्या काव्याविषयी आदराने लिहिणाऱ्या समीक्षकांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तथापि याची दुसरी बाजूही आहे, आणि ती पंडिता रमाबाईंनी दाखविली. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, आपणांस धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुष्कळ वर्षांनी भेटला. आणि ती भेट स्वतःच्या पापाच्या जाणिवेतून घडली. त्याच ग्रंथात, स्त्रीजात स्वभावतःच दुष्ट, या एका मुद्द्यावर शास्त्रपुराणांचे एकमत आपणांस कसे आढळले, तेही त्यांनी नमूद केले आहे. हे दोन भाग एकत्र वाचावयास हवेत. स्त्री म्हणून जन्मल्याने जी आधीच दोषी ठरली होती, तिला 'मी पापी' हे वाक्य मुक्तीचे वाटले. कारण या वाक्यातले पाप जातीचे किंवा लिंगाचे नव्हते. ख्रिस्ती सिद्धांतातील आदिपापही जन्माबरोबर येते हे खरे. पण ते ब्राह्मणाबरोबरही येते आणि पुरुषाबरोबरही. जे सर्वांना सारखेच लागू आहे, त्याने कोणी अस्पृश्य ठरत नाही.

यास्तव 'पापी' हा शब्द टाकून द्यावा हे मत मला मान्य नाही; परंतु तो सर्वांच्या तोंडी सारखाच घालावा हेही नाही. व्हॅलरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये एका निबंधात असा आक्षेप घेतला की, पाप म्हणजे अहंकार ही धर्मशास्त्रज्ञांची व्याख्या पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. ज्या स्त्रीस स्वत्वच लाभले नाही तिला आत्मत्याग शिकविण्यात काय अर्थ? अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र धर्मचिंतनाची जी मागणी केली आणि जिच्यातून पुढे दलित ईश्वरविज्ञान उभे राहिले, तिच्या मुळाशीही हीच अस्वस्थता आहे. ज्याच्यावर पाप झाले, त्याच्याकडून केवळ पापाची कबुली घेणारी उपासना अपुरी होय.

येथे एक आक्षेप संभवतो. नाथान संदेष्ट्याने दाविदास समोर उभे राहून दोषी ठरविले. तो द्वितीयपुरुषच नव्हता काय? होता. परंतु नाथान राजाशी बोलत होता, आणि त्याने नाम दिले नाही, कृत्य दाखविले: उरीयाचा वध आणि त्याच्या पत्नीचे हरण. सत्तेस तिचे कृत्य दाखविणे आणि सत्ताहीनास नाव ठेवणे, या दोहोंत महदंतर आहे. कॅथलिक प्रार्थनेत मरियेकडे आम्हां पाप्यांसाठी मध्यस्थी मागितली जाते, तेथेही 'आम्हां' या सर्वनामामुळेच 'पापी' हा शब्द सुसह्य होतो, कारण मागणारा स्वतः त्यात असतो.

अनुवादकाने व उपदेशकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. उपदेशात क्रियापद वापरावे: अमुक केले, अमुक करावयाचे राहिले. नाम प्रार्थनेसाठी राखून ठेवावे, आणि ते ज्याचे त्याने उच्चारावे. दुसऱ्याला हाक मारावयाची असेल तेव्हा पौलाचे अनुकरण करावे. करिंथची मंडळी कशी होती हे त्यास पक्के ठाऊक होते. आणि तिची सर्व भांडणे मांडण्यापूर्वी त्याने तिला जे नाव दिले, ते 'पवित्र जन' हेच होते.