क्षय की क्रोन? एका शोधनिबंधाचे परीक्षण

पोटात वारंवार कळा, महिनोन्‌महिने जुलाब, बारीक ताप आणि घटत चाललेले वजन. आपल्याकडे अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांपुढे दोन नावे उभी राहतात: आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग. दोन्हींचे आवडते ठिकाण एकच, म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा. उपचार मात्र परस्परविरोधी. क्रोनच्या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यात दाह निर्माण करते, म्हणून स्टेरॉइडसारख्या औषधांनी तिला आवर घालतात. तीच औषधे क्षयाच्या रुग्णाला दिली तर जंतूंना रान मोकळे मिळते. उलट क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे निदान सहा महिने घ्यावी लागतात आणि दरम्यान आतडे आकसत जाते.

बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये १४ रुग्णांच्या आधारे या रोगाचे वर्णन केले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके पुढे त्याच वाटेने गेली. मुंबईचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचे मोल आम्हाला वाटते ते यासाठी की, त्याने इथला प्रश्न विचारला: क्षय सर्वत्र आढळणाऱ्या भारतात क्रोनचे निदान करायचे कसे? (२०१७ च्या ऑगस्टमधील मुंबईच्या अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. अमरापूरकरांचा अंत झाला.)

पद्धत सरळ आहे. क्रोनचे २६ आणि आतड्याच्या क्षयाचे २६ रुग्ण घेऊन लक्षणे, दुर्बिणीतून दिसलेले व्रण आणि ऊतकांचे नमुने यांची तुलना केली. लक्षणे किती काळापासून आहेत, हा मोठा फरक ठरला. क्रोनच्या रुग्णांचा त्रास वर्षानुवर्षांचा, क्षयाच्या रुग्णांचा काही महिन्यांचा. म्हणजे नीट विचारलेला ‘कधीपासून?’ हा प्रश्नही एक तपासणीच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आमचा आक्षेप आकड्यांच्या मांडणीवर आहे. दोन्ही गट सारखे घेतले की फरक स्वच्छ दिसतो. पण दवाखान्यात रुग्ण निम्मे-निम्मे येत नाहीत. वर्गात हे काल्पनिक उदाहरण सोडवून पाहावे. एक खूण क्रोनच्या ७० टक्के आणि क्षयाच्या २० टक्के रुग्णांत आढळते. एखाद्या भागातील १०० रुग्णांत २० क्रोनचे, ८० क्षयाचे आहेत. खूण असलेले क्रोनचे रुग्ण १४, क्षयाचे १६. म्हणजे ‘क्रोनची खूण’ दिसूनही निम्म्याहून अधिक रुग्ण क्षयाचेच! खूण तीच, परंतु गाव बदलले की तिचा अर्थ बदलतो. सरासरीतील फरक समोरच्या एका माणसाबद्दल निकाल देत नाही.

दुसरी मर्यादा अंतराची आहे. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरमध्ये आज स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. अशा ग्रामीण रुग्णालयात थुंकीची तपासणी होते. परंतु थुंकी तपासून आतड्याचा क्षय कळेलच असे नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आणि ऊतकपरीक्षा यांसाठी लातूर-सोलापूरसारख्या शहराची वाट धरावी लागते. म्हणून अनेकदा आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. यात फसगत होऊ शकते, कारण क्रोनच्या काही रुग्णांनाही या औषधांनी तात्पुरते बरे वाटते. व्रण खरोखर भरले का, हे दुर्बिणीतून पुन्हा पाहिल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. औषध सुरू करणे सोपे, फेरतपासणीला दुसऱ्यांदा शहर गाठणे अवघड. आणि निदान नेमके तिथेच निसटते.

तरीही हा निबंध शिक्षकांनी समजून घ्यावा असे आम्ही सुचवतो. शाळेतील वजन-उंचीची नोंदवही आणि हजेरीपट मिळून ‘कधीपासून?’चे लेखी उत्तर देतात. महिनोन्‌महिने जुलाब, शौचातून रक्त, वाढ खुंटणे अशी लक्षणे असलेल्या मुलाला पालकांसोबत रुग्णालयात धाडताना या नोंदींची नक्कल जरूर द्यावी. डॉक्टरांच्या हाती पडणारा तो पहिला पुरावा असेल.