'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग': स्मरणरंजनाची बलस्थाने आणि मर्यादा

प्रास्ताविक :
वॉल्ट डिस्ने संस्थेने २००४ च्या 'होम ऑन द रेंज' नंतर हाताने रेखाटलेल्या अॅनिमेशनपटांची परंपरा जवळजवळ थांबविली होती. ती पुन्हा सुरू करण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न म्हणजे २००९ चा 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' हा चित्रपट. 'द लिटल मरमेड' (१९८९) आणि 'अल्लादीन' (१९९२) चे दिग्दर्शक जॉन मस्कर व रॉन क्लेमेंट्स यांच्याकडेच तो सोपविण्यात आला. यातील स्मरणरंजन दुहेरी आहे : एक जुन्या चित्रशैलीचे, दुसरे १९२० च्या दशकातील न्यू ऑर्लिन्स शहराचे. या दोहोंचे फलित सारखे नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बलस्थाने :
चित्रशैलीच्या बाबतीत हे स्मरणरंजन सर्जनशील ठरते. टियाना आपल्या उपाहारगृहाचे स्वप्न गाण्यातून रंगविते, तेव्हा पडद्यावरील शैली एकाएकी बदलते. सपाट आकृत्या आणि छायारूपे यांवर हार्लेम प्रबोधनातील चित्रकार अॅरन डग्लस यांचा प्रभाव जाणवतो. येथे भूतकाळाची केवळ नक्कल होत नाही; कृष्णवर्णीय कलापरंपरेला डिस्नेच्या चौकटीत स्थान मिळते. रँडी न्यूमन यांचे जॅझप्रधान संगीत शहराच्या प्रकृतीशी सुसंगत आहे. २००५ मध्ये कतरिना वादळाने उद्ध्वस्त केलेल्या या शहराचे असे प्रेमळ चित्रण चार वर्षांनी यावे, यालाही भावनिक मोल आहे.

नायिकेची घडणही लक्षणीय आहे. टियाना उपाहारगृहात वाढपिणीचे काम करते आणि पै-पै साठविते. केवळ ताऱ्याकडे मागणे मागून भागत नाही, कष्ट करावे लागतात, हा वडिलांचा संस्कार जुन्या परीकथेला छेद देतो.

मर्यादा :
शहराच्या इतिहासाबाबत मात्र हेच स्मरणरंजन सोयीचे होते. रेल्वेतील वर्णभेदाला मान्यता देणारा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा १८९६ चा निकाल ज्या खटल्यातून आला, तो याच शहरातील. चित्रपटात मात्र भेदभाव ओझरता येतो. टियानाची आई श्रीमंत गौरवर्णीय कुटुंबासाठी शिवणकाम करते. जागेचा व्यवहार मोडताना दलाल टियानाची पार्श्वभूमी सूचकपणे काढतात. त्यापलीकडे कथा जात नाही. नवीन हे भारतीय कानाला परिचित नाव धारण करणारा राजपुत्र माल्डोनिया या काल्पनिक देशाचा आहे. त्यामुळे त्याच्या वर्णाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. त्या काळी लुइझियानात गौरवर्णीय व कृष्णवर्णीय यांच्या विवाहास कायद्याने मनाई होती, हे लक्षात घेता ही योजना निरागस वाटत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील मूळ कथेत राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटते आणि तो माणूस होतो. येथे चुंबनाने नायिकाच बेडूक होते. कल्पना म्हणून हा विपर्यय चतुर आहे. परंतु डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या त्यामुळे चित्रपटाचा बराच मोठा भाग हिरव्या बेडकाच्या रूपात वावरते. जिचा चेहरा पडद्यावर येण्यास इतकी दशके लागली, तिचाच चेहरा कथा झाकून ठेवते.

परीकथेकडून इतिहासाची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु मूळ कथेला ना शहर आहे, ना साल. स्थळकाळाची निवड चित्रपटकर्त्यांनी स्वतः केली आहे. त्या काळाचे संगीत, पाककृती व वास्तू स्वीकारून त्याचे दुःख तेवढे वगळणे ही निवडक स्मृती होय.

निष्कर्ष :
२०११ च्या 'विनी द पूह' नंतर डिस्नेच्या हस्तचित्रित चित्रपटांची ही परंपरा पुन्हा खंडित झाली. त्यामुळे प्रस्तुत चित्रपटाच्या रेषेचे महत्त्व वाढते. ही रेषा भूतकाळातून नवे काही घडविते. कथा मात्र त्याच भूतकाळाचा सोयीचा भागच उचलते. कष्टाने स्वप्न साकारते, हा तिचा संदेश टियानाच्या बाबतीत खरा ठरतो. तिच्याइतकेच कष्ट करूनही ज्यांना त्या शहरात दार बंद होते, त्यांच्याविषयी चित्रपट मौन पाळतो.