हिममानवाच्या नावातलं अस्वल

मराठीत त्याला आपण 'हिममानव' म्हणतो. वर्तमानपत्रं कधी 'येती' लिहितात, कधी 'यती'. 'यती' वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर दंड-कमंडलू घेतलेला संन्यासी येतो, आणि वृत्तं शिकलेल्यांना ओळीतली थांबायची जागा आठवेल. दोन्हींचा त्या केसाळ प्राण्याशी काही संबंध नाही. पण 'हिममानव' हा शब्दही अर्धवटच आहे, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. गेल्या शंभर वर्षांत या प्राण्यावर जी पुस्तकं लिहिली गेली, त्यांतली काही ओळीने वाचली, तेव्हा जाणवलं की शोध प्राण्याचा चालला आहे आणि घोळ मात्र शब्दाचा आहे.

१९२१ साली एव्हरेस्टच्या पाहणीसाठी ब्रिटिशांची पहिली मोहीम तिबेटच्या बाजूने गेली. कर्नल चार्ल्स हॉवर्ड-बरी तिचे प्रमुख. ल्हाक्पा ला या खिंडीच्या वाटेवर, वीस हजार फुटांच्या वर, त्यांना बर्फात ठसे दिसले. त्यांचं स्वतःचं मत सरळ होतं: लांडगा असावा, मऊ बर्फात ठसा पसरला की तो अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो. बरोबरच्या हमालांनी एक नाव घेतलं, 'मेतोह-कांगमी'. हॉवर्ड-बरींनी ते टिपून ठेवलं.

पुढचं काम पत्रकाराने केलं. कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन दार्जिलिंगला परतलेल्या हमालांशी बोलले. 'कांगमी'चा अर्थ त्यांना नीट लागला: हिमातला माणूस. 'मेतोह' म्हणजे 'घाणेरडा' असं त्यांनी धरलं, आणि तेही फिकं वाटलं म्हणून 'ॲबॉमिनेबल' असा दणदणीत शब्द बसवला. झाला 'ॲबॉमिनेबल स्नोमॅन'. ही सगळी गोष्टच इतकी गमतीदार वाटली की आपण ती वर्तमानपत्रांना पाठवून दिली, असं न्यूमननी पुढे स्वतःच मान्य केलं. भाषांतरकाराने इतक्या निर्मळ मनाने दिलेली कबुली क्वचितच वाचायला मिळते.

मग 'मेतोह' म्हणजे काय? याचं उत्तर चक्क मुंबईत छापलेलं आहे. कैलास-मानसरोवरच्या परिसरात वर्षानुवर्षं हिंडलेले स्वामी प्रणवानंद यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५७ साली या प्राण्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की या नावांच्या शेवटी येणारा 'ते' किंवा 'तेह' म्हणजे तिबेटी 'द्रे'. त्यातला 'र' इतका हलका उच्चारतात की परक्या कानाला ऐकू येत नाही. आणि 'द्रे' म्हणजे अस्वल. 'मि' म्हणजे माणूस. म्हणजे 'मितेह' हे माणूस-अस्वल. 'येती'च्या शेवटीही तेच अस्वल बसलेलं आहे.

हमालांनी १९२१ साली जे नाव सांगितलं त्यात अस्वल पहिल्याच शब्दात होतं. इंग्रजीत येताना ते गळलं, त्याच्या जागी शिवी आली. मराठीने इंग्रजीकडून नाव घेताना शिवी टाकून दिली, हे आपलं सौजन्य. पण गळलेलं अस्वल काही परत आणलं नाही. 'हिम' आलं, 'मानव' आला. एकदा मानव म्हटल्यावर वाचकाचं मन माकड आणि माणूस यांच्यामधली हरवलेली कडी शोधायला लागतं, आणि मग सगळे पुरावे त्याच चष्म्यातून दिसू लागतात.

सगळ्यांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे एरिक शिप्टन यांनी १९५१ साली मेनलुंग हिमनदीवर काढलेला फोटो. सोबत मायकेल वॉर्ड आणि शेर्पा सेन तेनसिंग होते. बर्फात एक रुंद, बोटं उमटलेला ठसा आणि आकार कळावा म्हणून शेजारी ठेवलेली आइस ॲक्स. या फोटोची ताकद त्याच्या चौकटीत आहे. एकच ठसा. आधीचं पाऊल नाही, नंतरचं नाही, चाल कशी होती ते नाही. बर्फातल्या ठशाच्या कडा उन्हाने वितळतात, ठसा मोठा होतो. अस्वल चालताना त्याचं मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडलं तर दोन्हींचा मिळून एक लांबट, माणसासारखा ठसा तयार होतो. फोटोत दिसणारा ठसा कसा झाला याबद्दल आजही एकमत नाही आणि मला त्या वादात पडायचं नाही. मला दिसतं ते असं, की हे एक सुटं वाक्य आहे आणि मागचे-पुढचे परिच्छेद फाडून टाकलेले आहेत. अशा वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला हवा तसा लागतो. जगाने तो 'ॲबॉमिनेबल स्नोमॅन' असा लावला, कारण ते शब्द तीस वर्षं आधीच तयार होते.

त्यानंतर पुस्तकांची रांग लागली. १९५४ साली लंडनच्या 'डेली मेल'ने खास या प्राण्यासाठी मोहीम काढली, तिच्यातून दोन पुस्तकं निघाली. राल्फ इझर्ड यांचं पुस्तक नावाप्रमाणेच साहसकथा आहे; वेगवान, वाचनीय, आणि वाचून झाल्यावर त्यातले शेर्पा आठवत नाहीत. चार्ल्स स्टोनर यांच्या पुस्तकाच्या नावात शेर्पा आधी येतो, स्नोमॅन नंतर. आतही तसंच आहे. ते गावागावांत बसून लोक काय म्हणतात ते ऐकतात, त्यामुळे गुरं मारणाऱ्या मोठ्या 'द्झुतेह'ची आणि 'मितेह'ची नावं वेगळी आहेत हे त्यांच्या कानावर येतं. पुरावा त्यांनाही मिळाला नाही. पण आज पुन्हा वाचावंसं वाटतं ते स्टोनरच.

एडमंड हिलरींच्या १९६०-६१च्या मोहिमेने खुमजुंग गावातली, येतीची म्हणून जपलेली शिरोकातडी तपासायला परदेशी नेली. ती सेरो या शेळीच्या जातकुळीतल्या डोंगरी प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेली निघाली. बातमी इथे संपते, पण मला रस आहे तो तिच्यासोबत गेलेल्या खुंजो चुंबी यांच्यात. वस्तू गावाची आहे, ती एकटी जाणार नाही, ठरल्या वेळेत परत आली पाहिजे, या अटीवर हे वडीलधारे गृहस्थ शिकागो, पॅरिस, लंडनला गेले. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात: आमच्याकडे जिराफ आणि कांगारू नाहीत, म्हणून आम्हाला त्यांची माहिती नाही, तुमच्याकडे येती नाहीत, तेव्हा तुमचं अज्ञान मी समजू शकतो, असं त्यांनी परदेशी मंडळींना ऐकवलं. या सगळ्या वाङ्मयात शेर्पा बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून येतो. त्याला विचारतात फक्त 'पाहिलंस का?' इथे एकदाच तो उलटतपासणी घेताना दिसतो.

आणि शेर्पांची स्वतःची गोष्ट? ती कुठल्याही मोहिमेच्या पुस्तकापेक्षा सरस आहे. फार पूर्वी येती पुष्कळ होते, पिकांची आणि गुरांची नासधूस करायचे. त्यांना माणसांची नक्कल करायची खोड होती. गावकऱ्यांनी एक दिवस माळावर जमून छांग प्यायल्याचं सोंग केलं आणि लाकडी तलवारींनी लुटुपुटूची मारामारी केली. जाताना छांगची भांडी आणि खऱ्या तलवारी मागे ठेवल्या. रात्री येती आले, प्यायले, आणि माणसांसारखे लढून एकमेकांना मारून बसले. उरलेसुरले उंच डोंगरात पळाले. माणसासारखं वागायला गेला म्हणून मेलेला प्राणी! यात त्याचा 'माणूस' हा अर्धा भाग कुठून आला तेही कळतं आणि गावाने त्यासाठी केलेली लबाडी कुणी झाकतही नाही. ही गोष्ट ऐकल्यावर 'माणूस-अस्वल' म्हणजे निव्वळ अस्वल, असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. प्रणवानंदांची व्युत्पत्ती पटते, तरी जोडशब्दातला दुसरा शब्द पहिल्याला गिळून टाकत नाही.

परक्यांनी लिहिलेल्यांत हे ओळखलं ते एका चित्रकाराने. हर्जेचं 'तिबेटमध्ये टिनटिन' १९६० साली पुस्तकरूपाने आलं. विमान अपघातातून वाचलेल्या चँगला येतीने गुहेत नेऊन जगवलेलं असतं. टिनटिन त्याला सोडवतो तेव्हा त्या प्राण्याला 'ॲबॉमिनेबल' म्हणायला हरकत घेतो तो चँग, म्हणजे सगळ्या पात्रांतलं ते एकच ज्याने येतीसोबत दिवस काढले आहेत. तो कुणाला कधी सापडू नये, असंही त्याला वाटतं. शेवटच्या चित्रात काफिला दूर जातो आहे आणि येती पाठमोरा, एकटा, बघत उभा आहे. न्यूमनची चूक बालवाचकांच्या पुस्तकात दुरुस्त व्हावी आणि मोठ्यांनी ती पुढे चालवावी, यात काहीतरी खास आहे. शेर्पा थारके मात्र इथेही वाटाड्याच राहतो. हर्जेच्या उदारपणाला ती मर्यादा आहे.

राइनहोल्ड मेसनर यांना १९८६ साली तिबेटमध्ये संधिप्रकाशात काहीतरी दिसलं. त्याचा पाठलाग त्यांनी बारा वर्षं केला आणि १९९८च्या पुस्तकात निष्कर्ष मांडला: स्थानिक लोक ज्याला 'चेमो' म्हणतात ते अस्वल आणि दंतकथेतला येती एकच. पुस्तक जरा आत्मप्रेमी आहे, शिखरं जिंकलेल्या माणसाची शिखरावरून बोलण्याची सवय त्यात जात नाही. पण स्थानिक लोक त्या प्राण्याला काय म्हणतात, हा प्रश्न त्यांनी निदान गंभीरपणे विचारला. २०१७ साली शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी येतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. येती संपला, अशा थाटात तेव्हा बातम्या आल्या. १९२१ सालच्या हमालांची आठवण त्या बातम्यांत मला कुठे दिसली नाही.

एप्रिल २०१९मध्ये भारतीय लष्कराने ट्विटरवर फोटो टाकले: मकालू तळछावणीजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे, आणि सोबत 'येती' हा शब्द. दोन दिवस देशभर थट्टा झाली. मराठी वाहिन्यांनी 'हिममानव' पुन्हा बाहेर काढला. त्या गडबडीत नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याचं एक छोटं निवेदन आलं. त्यांचे अधिकारीही त्या पथकासोबत होते, त्यांनी चौकशी केली होती. स्थानिक लोक आणि हमाल म्हणाले होते, हे इकडे नेहमी फिरणाऱ्या अस्वलाचे ठसे आहेत.