साच्यातील रिकामी जागा : मजकूरखंडांमधील अंतराचा एक विचार

पृष्ठरचनेची चर्चा बहुधा अक्षरांच्या वळणापासून सुरू होते आणि चित्रांच्या मांडणीपाशी संपते. दोन मजकूरखंडांच्या मध्ये जी कोरी जागा राहते, तिची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः ही जागा विरामचिन्हाइतकीच अर्थवाहक असते. उपशीर्षकाच्या वर जितके अंतर तितकेच खाली ठेवले, तर ते शीर्षक मागील परिच्छेदाचे की पुढील, असा संभ्रम वाचकाला क्षणभर पडतो. पद्यसंग्रहात दोन कडव्यांमधील अंतर आणि दोन रचनांमधील अंतर यांत पुरेसा भेद नसला, तर एक रचना कोठे संपली हेच कळत नाही. अभंगाच्या अखेरीस क्रमांक घालण्याची प्रथा आहे म्हणून पुष्कळदा निभावते इतकेच.

खिळे जुळविण्याच्या काळात ही जागा नावापुरतीच रिकामी होती. ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या बसत, खंडांच्या मध्ये त्याहून जाड पट्ट्या किंवा ठोकळे भरले जात, आणि सारा मजकूर लोखंडी चौकटीत आवळला जाई. मुद्रित तपासताना एक ओळ वाढली, तर जुळाऱ्याला तितकी जागा अन्यत्र काढावीच लागे. नाही तर पान आवळलेच जात नसे. मजकुरातील बदल आणि अंतरातील बदल हे अशा रीतीने एकाच हातून घडत. संगणकावरील साच्यात, म्हणजे ज्याला आता सर्रास टेम्प्लेट म्हटले जाते त्यात, हे दोन हात वेगळे झाले. साचा आखणारा एक, त्यात मजकूर भरणारा दुसरा. आणि भरणाऱ्याला आखणाऱ्याचा हेतू ठाऊक असेलच असे नाही. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

तथापि वाढत्या-घटत्या मजकुराचा साचा ही काही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. संस्कृत हस्तलिखितांतील ‘त्रिपाठ’ पद्धती हा त्याचा उत्तम दाखला होय. पत्राच्या मध्यभागी मूळ ग्रंथ मोठ्या अक्षरात, वर आणि खाली टीका बारीक अक्षरात. टीका लांबली की त्या पत्रावरील मुळाच्या ओळी लेखक कमी करी. खंडांचे आकारमान पत्रागणिक बदले, पण त्यांचे परस्परनाते बदलत नसे. अंतराचे सातत्य म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच माप, अशी जी समजूत साचे आखणाऱ्यांत आढळते, तिला हे सरळ उत्तर आहे. सातत्य नात्याचे असते; समान नाते असलेल्या खंडांत समान अंतर, भिन्न नात्यांत भिन्न.

संगणकावर ही जागा दोन रीतींनी राखली जाते. पहिल्या रीतीत प्रत्येक खंडाची चौकट पानावर ठरावीक ठिकाणी खिळवलेली असते. नमुन्यातील मजकूर असेपर्यंत असे पान देखणे दिसते. शीर्षक एका ओळीऐवजी दोन ओळींचे झाले की खालची चौकट जागची हलत नाही आणि अंतर मिटते. शीर्षक लहान झाले की भगदाड पडते. मग भरणारा रिकाम्या ओळी घालून डागडुजी करतो. ही रिकामी ओळ यंत्राच्या दृष्टीने एक परिच्छेदच असल्याने मजकूर पुढे सरकताच ती पुढील पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. मराठी पुस्तकांत एखादे पान इतरांहून एक ओळ खाली सुरू झालेले दिसते, त्याच्या मुळाशी अनेकदा हीच ओळ असते.

दुसऱ्या रीतीत अंतर हा खंडाचा गुणधर्म मानला जातो व तो परिच्छेदाच्या शैलीत नोंदविला जातो. ही रीत निःसंशय सरस. मात्र तिच्यातही एक खाच आहे. वरच्या खंडाच्या खाली १२ आणि खालच्या खंडाच्या वर १८ अशी मापे दिली, तर मध्ये नेमके किती अंतर पडावे? संकेतस्थळांच्या रचनाभाषेत, सीएसएसमध्ये, साध्या प्रवाहात मांडलेल्या खंडांपुरते यांपैकी मोठे माप ग्राह्य धरले जाते, म्हणजे १८. तेच खंड ‘फ्लेक्स’ मांडणीत ठेवले की मापांची बेरीज होते आणि अंतर ३० होते. साच्यात अक्षरही न बदलता पान विस्कटते ते यामुळे. अंतर नेहमी खंडाच्या एकाच अंगाला, शक्यतो खालच्या, द्यावे आणि उपशीर्षकासारखे अपवाद स्वतंत्र नोंदवावेत, हा व्यवहारी तोडगा येथे अधिक विश्वासार्ह ठरतो.

माप कशाचे असावे, याचे शास्त्रशुद्ध विवेचन स्विस रचनाकार योझेफ म्यूलर-ब्रॉकमान यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या जाळीरचनेवरील ग्रंथात केले. पानावरील क्षेत्रांमधील अंतर मजकुराच्या ओळींच्या पूर्ण पटीत असावे, चित्राची वरची कड पहिल्या ओळीच्या उंच अक्षरांच्या माथ्याशी व खालची कड अखेरच्या ओळीच्या आधाररेषेशी जुळावी, हा त्यांचा दंडक. रोमन लिपीसाठी तो निर्दोष आहे. देवनागरीत मात्र माथा कोणता धरावा? शिरोरेषा, की तिच्यावर चढणारी मात्रा, वेलांटी, रफार? मात्रेचा माथा धरला, तर ज्या ओळीत वरची चिन्हे मोजकी आहेत ती ओळ चित्राच्या कडेपेक्षा खाली बसल्यासारखी भासते, कारण डोळा रेषेलाच कड मानतो. तेव्हा शिरोरेषाच चित्राच्या कडेशी जुळविली पाहिजे आणि वरची चिन्हे अंतरात शिरणार हे गृहीत धरूनच अंतर ठरविले पाहिजे. वरच्या खंडातील उकार आणि ‘द्ध’, ‘ट्ठ’ यांसारखी जोडाक्षरेही त्याच अंतरात खालून हिस्सा मागतात.

परभाषेत आखलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की हा प्रश्न तीव्र होतो. इनडिझाइनमध्ये ओळींचे स्वयंचलित अंतर अक्षराकाराच्या १२० टक्के धरलेले असते. मराठीला ते बहुधा अपुरे पडते. चौकटीतील पहिल्या ओळीची जागाही तेथे वापरलेल्या फाँटच्या उंचीवरून ठरविता येते, आणि तशी ती ठरविली असेल तर फाँट बदलताच साऱ्या चौकटींतील मजकूर वरखाली होतो. अध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट ओळीसाठी मुळातच ऐसपैस उंची मागतो. इंग्रजी फाँटच्या जागी तो आपोआप आला की त्या एका ओळीपुरते अंतर फुगते. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक्’ या प्रणालीत ओळींच्या आधाररेषा समान अंतरावर ठेवल्या जातात, पण वरखालची अक्षरे एकमेकांना भिडू लागली की तो नियम त्या ठिकाणी सोडला जातो. टक्कर टळते, ओळींची लय मात्र मोडते. या सर्वांवर उपाय एकच : ओळींचे अंतर स्वयंचलित न ठेवता निश्चित आकड्याने द्यावे आणि तो आकडा सर्वांत उंच व सर्वांत खोल जोडाक्षरे एकाखाली एक ठेवून तपासावा.

द्विभाषिक पानावर तर ही तपासणी टाळताच येत नाही. म्यूलर-ब्रॉकमान यांचा ग्रंथ स्वतः जर्मन व इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेला आहे, पण दोहोंची लिपी एकच असल्याने तेथे हा पेच पडत नाही. मराठी आणि इंग्रजी स्तंभ शेजारी ठेवताना ओळीचे एकक इंग्रजीवरून ठरविण्याची चाल आहे. परिणामी मराठी ओळी दाटतात किंवा दोन्हीकडचे परिच्छेद एकमेकांसमोर राहात नाहीत. एकक मराठीवरून घेतले, तर इंग्रजी स्तंभ किंचित विरळ दिसतो, परंतु दोन्हीकडची ओळ ओळीसमोर येते आणि मूळ व अनुवाद ताडून पाहणाऱ्याला बोट ठेवून जागा शोधावी लागत नाही.