शेवटचे अपुरे पॅकेट

जुलै १९९२ मध्ये एमआयटीच्या कॅरन सोलिन्स यांच्या नावाने आरएफसी १३५० हा दस्तऐवज निघाला. नोएल चिआपा यांनी मुळात रचलेल्या टीएफटीपी या प्रोटोकॉलची ही दुसरी आवृत्ती. पाने अवघी अकरा. रॅकमध्ये नुकताच बसवलेला, कोऱ्या डिस्कचा सर्व्हर नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम घेऊ लागतो, तेव्हा त्याच्याकडे येणारी पहिली फाइल आजही बहुधा याच पानांतल्या नियमांनी येते. असे दस्तऐवज कामापुरते चाळले जातात. हा मात्र सावकाश, त्यात काय गाळले आहे ते पाहत वाचावा.

इथे लॉगिन नाही, पासवर्ड नाही, कोणत्या फाइली आहेत याची यादी मागायचीही सोय नाही. पॅकेटचे प्रकार पाचच: वाचायची विनंती, लिहायची विनंती, डेटा, पोच आणि त्रुटी. ही काटकसर ज्याच्यासाठी केली, त्याची अवस्था पाहिली की ती पटते. कोऱ्या सर्व्हरजवळ असतो तो नेटवर्क कार्डाच्या रॉममधला छोटासा प्रोग्रॅम. आपला आयपी पत्ता काय, कोणाकडे जायचे आणि कोणती फाइल मागायची, एवढे त्याला डीएचसीपीकडून कळते. पुढचे काम टीएफटीपीचे. नेटवर्कवरून बूट करण्याच्या इंटेलच्या पीएक्सई या पद्धतीने हीच जोडी पक्की केली. टीसीपीसारखा मोठा पसारा त्या इवल्या जागेत मांडणे अवघड, म्हणून टीएफटीपी साध्या यूडीपीवर चालतो.

रचनेचा गाभा एका नियमात आहे. फाइल ५१२ बाइट्सच्या तुकड्यांनी पाठवायची, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडायचा नाही. त्यामुळे पाठवणाऱ्याला एकच पॅकेट हाताशी ठेवावे लागते आणि घेणाऱ्याला क्रम जुळवत बसावे लागत नाही.

मग फाइल संपली हे कसे कळायचे? त्यासाठी सहावा प्रकार काढलेला नाही. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. फाइलच्या लांबीला ५१२ ने नेमका भाग जात असेल, तर शेवटी शून्य बाइट्सचे पॅकेट जाते: क्रमांक आहे, आत काही नाही. हे रिकामेपणही नेमका अर्थ सांगते. या दस्तऐवजातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

त्याला लागूनच आणखी एक सुरेख जागा आहे. शेवटची पोच देणाऱ्याने लगेच काम आटोपू नये, थोडे घुटमळावे, अशी शिफारस आहे. पोच वाटेत हरवली तर शेवटचे पॅकेट पुन्हा येईल, तेव्हा उत्तर द्यायला कोणीतरी हवे. निरोप घेतल्यावरही पाहुणा उंबऱ्याशी जरा रेंगाळतो, तसे हे. पोचेची पोच, तिचीही पोच, अशी साखळी कुठेतरी तोडावीच लागते. लेखिका ती तोडते आणि उरलेल्या शंकेवर थोड्या प्रतीक्षेचा उपाय ठेवते.

जुन्या आवृत्तीत एक खोड होती. उशिरा आलेल्या एका पोचेमुळे तिथून पुढचे प्रत्येक पॅकेट दोनदा जाई. जादूगाराच्या शिकाऊ शिष्याच्या गोष्टीवरून तिला नाव पडले. उपाय मात्र गाळण्याचाच: पोच दुसऱ्यांदा आली तर डेटा पुन्हा पाठवू नका.

या काटकसरीची किंमतही आहे. तुकड्याच्या क्रमांकाला १६ बिट असल्याने मूळ नियमांत फाइल सुमारे ३२ एमबीच्या पुढे जात नाही. प्रत्येक पोचेची वाट पाहावी लागते, म्हणून लांबच्या अंतरावर वेग मंदावतो. पासवर्ड नसल्याने नेटवर्कवरचा कोणीही फाइल मागू शकतो. १९९८ मध्ये आरएफसी २३४८ ने तुकड्याचा आकार वाढवायची मुभा दिली. अनुभवी अॅडमिन तर टीएफटीपीकडून आयपीएक्सईसारखा छोटा लोडर तेवढा आणवतात. कर्नल आणि इन्स्टॉलर एचटीटीपीने येतात, इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे किकस्टार्ट फाइल देते.

या मर्यादा खऱ्या आहेत, पण त्या गुणांच्याच पोटी आल्या आहेत. समोरच्याला जवळपास काहीच येत नाही हे गृहीत धरून, त्याला पेलेल तेवढेच सांगायचे ही शिस्त अकराही पानांत कुठे सुटत नाही. तांत्रिक गद्यात मी तिलाच शैली म्हणेन.