ओळीचा हिशेब : वऱ्हाडातील कवितावाचन

सूक्ष्म वाचनात ओळ कुठे मोडली, यमक कुठे हुकले, विराम कशासाठी घेतला, हे आधी पाहतात. आशयाकडे मग वळतात. अमरावती-अकोल्याकडे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कविता अभ्यासली जाते ती बहुधा उलट क्रमाने. व्हिटमन म्हणजे लोकशाही, डिकिन्सन म्हणजे मृत्यू, आणि बाकीचे गाईडात. वऱ्हाडाला तरी हे शोभत नाही, कारण मराठीत मुक्तछंद रुजवणारे आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच कवी अनिल, १९०१ साली जन्मले ते मूर्तिजापूरला.

व्हिटमनने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ मध्ये पदरमोड करून छापले. त्यात बाराच कविता होत्या. पुढे मरेपर्यंत तो त्यांत भर घालत राहिला. त्याच्या ओळीत गणमात्रांचा हिशेब नसतो. आरंभीचे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, वाक्यांची घडण सारखी राहते, आणि बहुतेक ओळी वाक्याबरोबर संपतात; बायबलच्या इंग्रजी भाषांतराचा हा संस्कार. अनिलांच्या मुक्तछंदाला मात्र अक्षरांच्या लहान गटांचे आवर्तन लागते. मोकळी सोडलेली असते ती चरणाची लांबी. ‘मुक्त’ एवढ्या शब्दावर दोघांना एकाच दावणीला बांधले, की अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’ची लय कानाआड होते. याच कवीने पुढे दहा ओळींची वेस स्वतःहून आखून घेतली. ‘दशपदी’ला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण मोकळ्या छंदाच्या कवीला ही वेस का हवीशी झाली, याची उकल ओळींतच शोधावी लागते.

एमिली डिकिन्सनचे वाचन इथल्या कानाला खरे तर सोपे जावे. चर्चमधल्या भजनांचा आठ-सहा शब्दावयवांचा साचा तिने वापरला आणि आतून मोडला. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरे ज्याच्या कानात मुरली आहेत, त्याला ठेका कुठे अडखळतो ते सांगावे लागत नाही. पाठाकडे मात्र लक्ष हवे. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९० मध्ये, संपादकांनी कविता छापल्या त्या विरामचिन्हे बदलून आणि काही यमके घासूनपुसून. तिच्या आडव्या रेघा छापात नीट परतल्या जॉन्सन यांनी संपादलेल्या १९५५ च्या आवृत्तीत. जुना पाठ समोर ठेवून तिच्या विरामांवर बोलणे फुकट आहे.

ओळीकडे काटेकोरपणे पाहण्याची सवय वऱ्हाडात आहेच, फक्त ती वर्गाबाहेर, गझलकारांत आहे. अमरावतीच्या सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. काफिया (यमक), रदीफ (यमकामागून तसेच येणारे शब्द) आणि अलामत (यमकाच्या अक्षराआधीचा स्वर) तपासत शेर वाचण्याची रीत त्यामुळे मराठीत रुळली. अलामत बदलली, तर जाणकार तिथेच थांबवतो. पण ही तपासणी बरेचदा चूक दाखवून संपते. निर्दोष शेरात रदीफ दर वेळी नवा अर्थ घेतो की नुसता शेपटासारखा मागे येतो, इथवर ती क्वचितच जाते.